राहून गेलेला बाप्तिस्मा

आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याविषयी कुणाला शंका आली की ती माझ्याकडे पाठवायची पद्धत होती. ही पद्धत मीच पाडली होती. नांदेडची आमची मंडळी लहान. रविवारी पंखे चालू असले की मागच्या बाकावरच्यांना उपदेश ऐकू येत नाही आणि पंखे बंद केले की कोणी बसत नाही, एवढाच काय तो आमचा धार्मिक वाद. अशा मंडळीत मी पंच होतो, तरुणांचा वर्ग घेत होतो आणि प्रभुभोजनाच्या वेळी पाळकांच्या मागे प्याल्यांचा ट्रे धरून उभा राहत होतो. उभा राहताना चेहरा कसा ठेवायचा हे मी आरशासमोर ठरवलं होतं.

नोकरी विष्णुपुरीला, धरणावर, पाटबंधारे खात्यात. म्हणजे आठवडाभर गोदावरीचं पाणी आणि रविवारी बाप्तिस्म्याचं. दोन्ही पाण्यांतला आपण तज्ज्ञ आहोत असं मला वाटायचं, आणि तसं वाटतं हे मी लपवतही नसे.

वर्गात मी सांगायचो, "पाणी अंगाला लागतं, क्षमा आत्म्याला लागते. बाप्तिस्मा ही त्या क्षमेची खूण आहे. खूण टाळणारा माणूस क्षमाही टाळत असतो." हे शेवटचं वाक्य मला फार आवडायचं. ते म्हटल्यावर मी थोडा थांबायचो. त्या थांबण्यात दरवर्षी एखादी चुणचुणीत मुलगी विचारायचीच, "मग वधस्तंभावरच्या चोराचं काय? येशूच्या शेजारी टांगलेल्या. त्याला कोणी बाप्तिस्मा दिला? तो तर त्याच दिवशी स्वर्गात गेला."

"तो अपवाद," मी म्हणायचो. "अपवादावरून नियम करत नसतात. पुढचा प्रश्न."

बिचारा चोर. मी त्याला दरवर्षी एका वाक्यात बाहेर काढत होतो.

दोन वर्षांपूर्वी जळकोटला माझ्या आत्याच्या पणतूचा बाप्तिस्मा होता. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. वडील गेले, आई गेली, त्या पिढीतली ती एकटी उरलेली. कान, डोळे, दात, सगळं थोडं थोडं शिल्लक, जीभ मात्र पूर्ण. आमच्याकडं तान्ह्या लेकरांनाही बाप्तिस्मा देतात, डोक्यावर तीनदा पाणी घालून. ते मोठं झालं की स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करतं, त्याला दृढीकरण म्हणतात. तर ते लेकरू पाणी पडताच किंचाळलं, सगळे हसले, आणि मला दोन शब्द बोलायला उभं केलं.

मी दोन शब्द बोललो नाही. बाहेर मटण शिजून तयार होतं, वास आत येत होता, लोक दाराकडं बघत होते, आणि मी आदामापासून सुरुवात केली होती. लेकराच्या आईबापांची त्यांनी वेळेवर बाप्तिस्मा केला म्हणून स्तुती केली. मग, कोणी विचारलं नसताना, जे आईबाप हे टाळतात त्यांच्याकडं वळलो. "ते आपल्या लेकराला क्षमेच्या दारात उभं करतात आणि दार वाजवत नाहीत," असं म्हणालो. हे मला तिथल्या तिथं सुचलं होतं. मी ते दोनदा म्हटलं.

जेवणं झाल्यावर मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. आत्या दगडावर बसून सुपारी कातरत होती. मी तिच्या पाया पडलो आणि कौतुकाची वाट बघत तिथंच रेंगाळलो.

"लई बोललास," ती म्हणाली.

"सांगावं लागतं, आत्या. लोकांना महत्त्व कळत नाही."

"हाव. कळत न्हाई." तिनं सुपारी तोंडात टाकली. "तुझ्याच डोक्यावर आजून पाणी पडलं न्हाई, आन् तू लोकाच्या लेकराचं दार वाजवून राहिलास."

मला वाटलं, म्हातारी बरळते आहे. मी तसं प्रेमानं म्हटलंही. "आत्या, तुझ्या लक्षात नाही. माझा बाप्तिस्मा इथंच झाला, जळकोटला. वडिलांनीच सांगितलंय."

"गावात सांगितलं इस्लापूरला झाला म्हणून."

वडील शाळामास्तर होते. मी काही महिन्यांचा असताना त्यांची इस्लापूरकडं बदली झाली, हे मला ठाऊक होतं. इस्लापूर तिकडं किनवटच्या बाजूला. त्या काळी जळकोटहून तिथं जायचं म्हणजे दुसऱ्या मुलखात जाणं. वडिलांनी इस्लापूरच्या लोकांना सांगितलं जळकोटला झाला, आणि जळकोटच्या लोकांना सांगितलं इस्लापूरला झाला. दोन्ही गावांची गाठ पडण्याचा प्रश्न नव्हता. पुढं माझ्या दृढीकरणाच्या वेळी कोणी दाखला मागितला तेव्हा ते म्हणाले, जुने कागद पावसात भिजले. गुरुजींचा शब्द. कोण संशय घेणार? त्या शब्दावर माझं दृढीकरण झालं, लग्न झालं, मी पंच झालो. मी बांधकामातला माणूस. पाया न घालता इतके मजले चढवलेली इमारत मी नोकरीत कुठं पाहिली नव्हती, आणि ती मीच होतो.

"पण का, आत्या? वडिलांनी असं का केलं?"

तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि सांगितलं. मी चाळीस दिवसांचा झाल्यावर बाप्तिस्मा ठरला होता. लातूरहून पाळक आले होते, तरुण, नवीन, कडक. सगळी मंडळी जमलेली. पाळकांनी मला हातावर घेतलं, पात्रात बोटं बुडवली, आणि पाणी घालायच्या आधी सगळ्यांच्या देखत वडिलांना विचारलं, "गुरुजी, शिंदी सोडली का?"

"वडील?" मी म्हणालो. "शिंदी?"

"मग काय, उसाचा रस?"

माझ्या वडिलांनी आयुष्यात चहाशिवाय काही प्यायलं नाही, असं मी व्यसनमुक्तीवरच्या तीन उपदेशांत ठासून सांगितलेलं आहे.

"तुझा बाप म्हणाला, आज बाप्तिस्मा पोराचा हाय का माझा? पादरीसाब म्हणाले, पोराच्या वतीनं वचन तुम्ही देणार, तर आधी तुमचं सांगा. झालं. त्यानं त्यांच्या हातातनं तुला उचललं आन् सरळ घरी. पादरीसाबाचा ओला हात तसाच वर. तुझी माय रडली, मी रडले. पण त्यानं शप्पथ घातली, कुणाला बोलायचं न्हाई."

"आणि शिंदी?"

"त्याच दिवशी सुटली की!" आत्या अशी म्हणाली, जणू हे उघडच होतं. "पुन्हा थेंब न्हाई घेतला. पण पादरीसाबाला सांगायला गेला न्हाई. त्यांना वाटंल, माझ्यामुळं सुटली."

नांदेडला परत येताना मी बसच्या खिडकीशी बसून माझ्या पापांचा विचार केला. आतापर्यंत ती सगळी धुतली गेली आहेत या समजुतीवर मी निवांत होतो. आता एकेक करून ती परत येऊ लागली, पत्ता सापडलेल्या पाहुण्यांसारखी. शाळेतली कॉपी, धाकट्या भावाची चोरून विकलेली सायकलची घंटी, साहेबांच्या बदलीसाठी केलेली प्रार्थना. शिवाय इतकी वर्षं बाप्तिस्मा नसताना प्रभुभोजन घेतलं, वर लोकांनाही दिलं. खूण टाळणारा माणूस क्षमाही टाळतो. हे कोण म्हणालं होतं? अहमदपूर मागे पडेपर्यंत मला माझ्या सगळ्या ओळखीत धीर देईल असा एकच माणूस आठवला, तो वधस्तंभावरचा चोर.

घरी बायकोला सांगितलं. ती आधी हसली, मग माझं तोंड बघून थांबली, मग पुन्हा हसली. "मी म्हणजे," ती म्हणाली, "बाप्तिस्मा न झालेल्या माणसाबरोबर संसार केला?"

दुसऱ्या दिवशी पाळकांकडं गेलो. आमचे पाळक तरुण आहेत. ते नवे आले तेव्हा मी त्यांना उपदेशात हात कुठं ठेवावेत ते शिकवलं होतं. मी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. हसू दाबताना त्यांचे खांदे हलले ते मी पाहिलं.

मी सरळ मुद्द्यावर आलो. "पाळकसाहेब, मला एवढंच सांगा, आता बाप्तिस्मा घेतला तर क्षमा कुठल्या तारखेपासून धरायची? पूर्वलक्षी प्रभावानं लागू होते का?"

"साहेब," ते म्हणाले, "क्षमा काय शासन निर्णय आहे का?"

"पण मधल्या काळाचं काय? समजा, मी काल रस्त्यात मेलो असतो."

ते गंभीर झाले. म्हणाले, "तुम्ही रोज रात्री देवाकडं क्षमा मागत होता ना?"

"रोज."

"मग तुम्हाला काय वाटतं, देव वर कागद तपासत बसला होता? माणूस मागं वळतो, विश्वास ठेवतो, देव क्षमा करतो. पाण्यात औषध नसतं. काही मंडळ्या मानतात की त्या पाण्यातच देव पाप धुतो, काही मानतात की धुतलेल्याची ती खूण आहे. भांडण जुनं आहे, आपण दोघं आज मिटवणार नाही. पण बाप्तिस्मा घ्या असं प्रभूनं सांगितलं, हे सगळेच मानतात. तुमचा राहिला असेल तर घ्यायचा. मागचं वाया गेलं म्हणून नव्हे. राहिला म्हणून."

"म्हणजे गुपचूप घेऊ. आपण दोघंच. बुधवारी, कोणी नसताना."

"बाप्तिस्मा गुपचूप नसतो, साहेब. आणि आधी वर्ग करावा लागेल."

"कुठला वर्ग?"

"तुमचाच," ते म्हणाले.

माझा वर्ग तात्पुरता त्यांनी घ्यायचा आणि मी बाकावर बसायचं ठरलं. त्या वर्षी दृढीकरणाच्या वर्गात माझी मुलगी होती. अकरावीतली. पहिल्या शनिवारी ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "पप्पा, प्लीज माझ्या शेजारी बसू नका." जागा फक्त तिच्याच शेजारी होती. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोवर कुणीतरी फुलांच्या चित्रासह माझं अभिनंदन टाकलेलं होतं, आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. कोणी सांगितलं मला माहीत नाही. बायको म्हणते तिनं नाही.

पाळकांनी विचारलं, "पाप म्हणजे काय?"

मी व्याख्या सांगितली. माझीच होती, पाठ होती.

"छान. आता एखादं उदाहरण द्या. स्वतःचं."

दहाबारा मुलं माझ्याकडं बघत होती. बसमध्ये मुक्कामाला आल्यासारखी येणारी ती सगळी पापं कुठं गेली कोण जाणे. सायकलच्या घंटीवर काही बोलावं असं वाटेना. शेवटी मी म्हणालो, "कामाच्या व्यापात कधी कधी माझं स्वतःच्या तब्येतीकडं दुर्लक्ष होतं."

शेजारी माझी मुलगी खोकली. खोकली म्हणजे तोंडावर रुमाल धरून बराच वेळ खोकत राहिली.

वर्गाच्या शेवटी पाळकांनी सांगितलं की क्षमा मागायला येणाऱ्यानं आधी बघावं, आपल्या मनात कोणाबद्दल अढी आहे का. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज तेच म्हणतो, आम्ही सोडलं तसं तूही सोड. माझ्या मनात त्या दिवसांत एकच अढी होती, पण ताजी आणि भक्कम. लातूरचे ते पाळक. ज्या माणसानं भरसभेत माझ्या वडिलांचा अपमान केला आणि त्यापायी माझी ही फजिती झाली. चौकशी केली तर कळलं की ते हयात आहेत, नव्वदीकडं झुकलेले, लातूरलाच मुलाकडं असतात.

मी ठरवलं, जाऊन त्यांना क्षमा करायची. वडिलांच्या वतीनं. ही कल्पना मला इतकी आवडली की मी तिच्यासाठी नवा शर्ट घेतला. वाटेत काय बोलायचं ते जुळवलं: "पाळकबाबा, माझ्या वडिलांच्या मनात तुमच्याविषयी कडवटपणा होता. पण मी, त्यांचा पुत्र, तुम्हाला आज मनापासून क्षमा करतो." पुत्र हा शब्द चाकूरच्या आसपास सुचला.

त्यांच्या सुनेनं दार उघडलं. नळाला पाणी येण्याचा दिवस होता, त्यामुळं पॅसेजभर ड्रम, बादल्या, कळश्या, आणि त्यांतून पाय उचलत मी आत गेलो. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगानं इतके लहान झालेले, की त्यांच्याविषयीची अढी त्यांच्यावर बसवायला मला जागा सापडेना. तरी मी उभा राहून माझं वाक्य म्हटलं.

"काय?" त्यांनी कानामागं हात धरला.

"मी तुम्हाला क्षमा केली!"

"जमा केली?"

"क्षमा! क्षमा!"

"किती जमा केली?" ते आनंदानं म्हणाले. "मंडळीच्या खात्यात केली का?"

बाहेर पाणी भरणाऱ्या शेजारणी थांबून ऐकू लागल्या. सून आली, ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "हे म्हणतात, त्यांनी तुम्हाला माफ केलं."

बाबांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "कशाबद्दल, बाळा?"

मी खाली बसलो. पुत्र वगैरे सोडून दिलं. ओरडून ओरडून सांगितलं, जळकोट, शाळामास्तर, चाळीस दिवसांचं लेकरू. ते ऐकता ऐकता त्यांचा उजवा हात मांडीवरून थोडा वर आला आणि तसाच राहिला.

"ते लेकरू तू?"

"हो."

"तुझा बाप घेऊन गेला तुला. माझ्या हातातून." "मी नवीन होतो. मला वाटायचं, पाप चारचौघांत विचारलं की माणूस सुधारतो. घरी जाऊन, बाजूला बसून विचारायला पाहिजे होतं. नंतर दोनदा त्यांच्या घरापर्यंत गेलो. दार बघून परत आलो. मग त्यांची बदली झाली. मला वाटत राहिलं, माझ्यामुळं एक माणूस कायमचा पीतच राहिला."

"बाबा, त्यांनी सोडली होती," मी म्हणालो.

"काय?"

"शिंदी! सोडली होती! त्याच दिवशी!"

त्यांनी सुनेकडं पाहिलं. तिनं कानात पुन्हा सांगितलं. बाबांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. "त्याच दिवशी? अन् मला सांगितलं न्हाई? अरे, मला सांगायचं न्हाई का कुणी?" ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातच येईना. सुनेनं पदरानं पुसलं. मीही रुमाल काढला. ज्यांना मी क्षमा करायला आलो होतो त्यांना माझ्या क्षमेची गरज नव्हती. त्यांना हवी होती ती एक साधी बातमी होती, आणि ती मी ओघात, पुरवणी म्हणून सांगितली होती.

निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. "मग तुझा कुणी दिला बाप्तिस्मा?"

"कुणीच नाही," मी ओरडलो. शेजारणी अजून तिथंच होत्या.

"मग मी देतो," ते म्हणाले.

आमच्या तरुण पाळकांना मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, याहून चांगलं काय? आपण सगळे लातूरला जाऊ, तिथल्या मंडळीतल्या काहींना बोलवू, बाबांच्या घरीच करू. पंधरा दिवसांनी आम्ही गेलो. बायको, मुलगी, पाळक, जळकोटहून आणलेली आत्या. लातूरच्या मंडळीतले दहापंधरा जण. पुढच्या खोलीत सतरंजी, टेबलावर पांढरं कापड, त्यावर स्टीलचं पातेलं. पाणी ड्रममधलं होतं. पाटबंधाऱ्याच्या सवयीनं मी ते गढूळ आहे का म्हणून डोकावून पाहिलं, तर बायकोनं माझा शर्ट मागून ओढला.

बाबांना दोघांनी धरून उभं केलं. मी गुडघ्यावर बसलो. आमच्या पाळकांनी पुस्तकातलं वाचलं, बाबांनी प्रश्न विचारायचे होते. देवावर विश्वास ठेवतोस का? हो. येशू ख्रिस्त तुझा तारणारा आहे असं मानतोस का? हो. मग पापाचा त्याग करण्याचा प्रश्न आला, आणि बाबा थांबले. ते का थांबले हे खोलीत तिघांना कळलं, मला, पाळकांना आणि आत्याला. आत्यानं पदर तोंडाला लावला.

बाबा खाली वाकले. हा प्रश्न सगळ्यांसमोर नको म्हणून त्यांनी तोंड माझ्या कानाशी आणलं. पण बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. त्यांनी कुजबुजायचं म्हणून जे केलं ते बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

"बाळा, तुझं काही सोडायचं राहिलंय का? तंबाखू? दारू?"

"नाही, बाबा!"

"मग काय?"

वर्गातल्यासारखं तब्येतीचंच काढावं म्हणून मी तोंड उघडलं. मागून बायकोचा आवाज आला, शांत, अगदी उपासनेत उत्तर द्यावं तसा. "तोंड, पाळकबाबा. तोंड."

सगळी खोली हसली. बाबांना ऐकू गेलं नाही, त्यांनी सुनेकडं पाहिलं, सुनेनं कानात सांगितलं, आणि ते फार गंभीरपणे मला म्हणाले, "सोडतोस का?"

"प्रयत्न करतो," मी म्हणालो. पुस्तकात हे उत्तर नाही. पण मला "हो" म्हणवेना. त्या खोलीत मी पहिल्यांदा, मला वाटतं, जपून बोललो.

त्यांनी पित्याच्या नावानं पाणी घातलं, पुत्राच्या नावानं घातलं. तिसऱ्या वेळी हात इतका थरथरला की पातेलंच कलंडलं, आणि पवित्र आत्म्याच्या नावानं सगळं पाणी माझ्या मानेवरून, नव्या शर्टाच्या आत, पाठीवरून पार कमरेपर्यंत गेलं. मी "आऽऽ" असं काहीतरी ओरडलो. जळकोटचा आत्याचा पणतू ओरडला होता तसंच. मी मनात काही तयार करून आलो होतो. त्या क्षणी आकाश उघडल्यासारखं वाटेल, निदान छातीवरचं काही उतरेल. प्रत्यक्षात मला फक्त थंडी वाजली. बाबांचा हात माझ्या डोक्यावर राहिला, आणि तो जड होत गेला. मला वाटलं, मोठा आशीर्वाद देतायत. मग कळलं, ते थकले आहेत आणि माझ्या डोक्याचा आधार घेऊन उभे आहेत. मी मान ताठ धरली. खुर्ची आणेपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो, आणि का कुणास ठाऊक, मी तिथं रडलो. ओल्या चेहऱ्यावर ते कुणाला दिसलं नसावं. आत्या म्हणते दिसलं.

जेवणं करून आम्ही नांदेडला निघालो. आत्या चार दिवस आमच्याकडं राहणार होती, पाळक पुढं बसले होते. मी फार हळुवार मूडमध्ये होतो. अहमदपूरच्या पुढं एका ढाब्यावर चहाला थांबलो. चहा आला तो कोमट, त्यावर साय, आणि कपाच्या कडेला आधीच्या कुणाच्या तरी ओठाचा ठसा. मी उठलो. गल्ल्यावरच्या माणसाला मी ग्राहकाचे हक्क, स्वच्छता, मराठवाड्याचं मागासलेपण आणि त्यामागची मानसिकता हे सगळं उभ्यानं समजावून सांगितलं. माझा आवाज चांगला लागला होता. परत टेबलाशी आलो तर मुलगी माझ्या डोक्याकडं बघत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "अजून केस पण वाळले नाहीत."

पाळक खिडकीतून बाहेर ट्रक बघायला लागले. मी म्हणालो, "पाळकसाहेब, आता हे कुठल्या खात्यात?"

"आता रोजच्या," ते म्हणाले. "बाप्तिस्मा एकदाच असतो, साहेब. क्षमा मागायचं काम रोजचं. मागायची आणि जमलं तर समोरच्यालाही जाऊन सांगायचं."

समोरचा म्हणजे गल्ल्यावरचा. मला वाटलं होतं ते देवाबद्दल बोलतायत. मी जरा वेळ चमचा इकडचा तिकडं केला. मग उठलो, गल्ल्याशी गेलो. तो माणूस मोबाईलवर कसलीतरी मॅच बघत होता.

"भाऊ," मी म्हणालो, "मघाशी जरा आवाज चढला. माफ करा."

त्यानं मान वर केली. "कुणाचा?"

"माझा. चहावरून."

"हाव का?" त्यानं आठवून पाहिलं, पण त्याला ते आठवेना. "आमच्याकडं समदेच वरडतेत, साहेब. ध्यान न्हाई राहत." मग आत वळून म्हणाला, "ए, साहेबाला गरम चहा दे रे." आणि पुन्हा मॅचमध्ये शिरला.

चहा आला, कडक, वाफाळता. कप पुसलेला होता की नाही ते मी पाहिलं नाही. आत्यानं माझ्या बशीतला अर्धा ओतून घेतला आणि म्हणाली, "गाडीत बस आता. आन् नांदेड येईपर्यंत काई बोलू नको."

नांदेडच्या अलीकडच्या लोह्यापर्यंत मी बोललो नाही.